फरशीवर फुटलेली कल्चर ट्यूब: टीबी प्रयोगशाळेतल्या एका स्पिलचं प्रकरण

सांडलं ते जेमतेम आठ मिलिलिटर. दोन चमचेही भरणार नाहीत इतकं. पण ते टीबीचं पॉझिटिव्ह आलेलं द्रव कल्चर होतं, म्हणजे टीबीचे जीवाणू वाढलेलं पोषक द्रव, आणि ते बायोसेफ्टी कॅबिनेटच्या (हवा ओढून गाळणाऱ्या कामाच्या कपाटाच्या) आत नव्हे, तर खोलीच्या मधोमध फरशीवर पडलं.

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. खोलीची मापं, ब्लीचची ताकद, कोण काय बोललं हे सगळं ठरवून घेतलं आहे. मात्र यातली एकही चूक मुद्दाम ओढूनताणून आणलेली नाही. कल्चरचं काम जिथे चालतं तिथे या चुका होतात, आणि बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही येत नाहीत, कारण फरशी शेवटी स्वच्छच दिसते.

घटनाक्रम

खोली ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ७२ घनमीटर हवा. बाहेर छोटी अँटरूम, म्हणजे आत जाण्याआधीची खोली. हवा आत येते ती अँटरूमकडून आणि बाहेर जाते ती एक्झॉस्टवाटे. शेवटच्या मोजणीनुसार ताशी ६ हवाबदल, म्हणजे खोलीभर हवा तासात सहा वेळा बदलते. खोलीत दोघं: एक वरिष्ठ तंत्रज्ञ बाई आणि एक नवखा तंत्रज्ञ.

नवखा तंत्रज्ञ पॉझिटिव्ह ट्यूबा मशीनमधून काढून कॅबिनेटकडे नेत होता. रॅक न घेता, तीन ट्यूबा एका हातात. एक निसटली, साधारण ९० सेंटिमीटरवरून फरशीवर आपटली आणि फुटली. त्याने कॅबिनेटजवळची ७० टक्के अल्कोहोलची स्प्रे बाटली उचलली, वाकून दहा-बारा वेळा फवारलं आणि टिश्यू टाकला. "मॅडम, लगेच पुसून घेतो." बाई ओरडल्या, "पुसू नकोस, आधी बाहेर चल!" तोवर अर्धं मिनिट गेलं होतं.

दोघं अँटरूममध्ये आले, गाऊन आणि हातमोजे काढले, दाराला पाटी लावली. भिंतीवरच्या तक्त्यात ३० मिनिटं थांबा असं होतं, तेवढं थांबले. मग नवा गाऊन, दुहेरी हातमोजे, एन९५ मास्क, गॉगल आणि शू-कव्हर घालून बाई एकट्या आत गेल्या. डागावर पेपर टॉवेल अंथरले, स्पिल किटमधल्या बाटलीतलं '१:१० ब्लीच' सुमारे ५० मिलिलिटर ओतलं आणि १० मिनिटं थांबल्या. किटमध्ये चिमटा नव्हता, म्हणून काचा पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी उचलल्या. फरशी पुसली, सगळं ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) पिशवीत भरलं, १२१ अंशांवर ३० मिनिटं चालवलं. ऑटोक्लेव्ह उघडला तेव्हा डोळे चुरचुरतील असा वास आला.

दुसऱ्या दिवशी जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी घटना तपासायला घेतली. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ब्लीचच्या बाटल्या मागवल्या आणि त्यांचं टायट्रेशन, म्हणजे ताकद मोजण्याची रासायनिक चाचणी, करायला सांगितलं.

फरशीपेक्षा हवा आधी

ट्यूब आपटते त्या क्षणी द्रवाचे दोन भाग होतात. मोठे थेंब आणि डबकं फरशीवर राहतं. ते कुठेही पळून जात नाही. दुसरा भाग बारीक तुषारांचा. त्यातलं पाणी क्षणात उडतं आणि मागे १ ते ५ मायक्रॉनचे कण उरतात. हे कण तासन्‌तास हवेत तरंगू शकतात आणि श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. ट्यूब पॉझिटिव्ह दाखवली जाते तेव्हा तिच्यात प्रति मिलिलिटर साधारण १ लाख ते १० लाख जीवाणू असतात. आठ मिलिलिटरमध्ये काही लाख ते ऐंशी लाख. आणि टीबीच्या संसर्गाला श्वासातून गेलेले दहाहूनही कमी जीवाणू पुरू शकतात असं मानलं जातं.

या हिशेबात डबक्यातल्या द्रवाची घाई कुणालाच नाही. घाई आहे ती खोलीतून बाहेर पडण्याची. नवख्या तंत्रज्ञाने नेमकं उलट केलं: तुषार सर्वांत दाट असतात त्या जागी, त्या वेळी, तोंड खाली करून तो अर्धा मिनिट थांबला. वर स्प्रेच्या झोताने डबक्यातून आणखी तुषार उडवले. 'लगेच पुसून टाकावं' ही प्रामाणिक माणसाची सवय आहे, म्हणूनच ती मोडायला सराव लागतो. नुसतं वाचून दाखवून ती जात नाही. कोऱ्या ट्यूबमध्ये रंगीत पाणी घालून, ती खरंच पाडून, सगळ्यांनी श्वास रोखून दाराबाहेर पडायचा सराव सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवा.

मग थांबायचं किती? हवा पूर्ण मिसळते असं धरलं तर कण घटण्याचा हिशेब सोपा आहे. ९९ टक्के कण जायला लागणारी मिनिटं म्हणजे ४.६ भागिले ताशी हवाबदल, गुणिले ६०. ९९.९ टक्क्यांसाठी ४.६ च्या जागी ६.९ घ्यायचे. ताशी ६ हवाबदल असलेल्या या खोलीला ९९ टक्क्यांसाठी ४६ मिनिटं आणि ९९.९ टक्क्यांसाठी ६९ मिनिटं लागतात. ३० मिनिटांत फक्त तीन हवाबदल झाले, म्हणजे सुमारे ५ टक्के कण अजून हवेतच होते. तोच तक्ता ताशी १२ हवाबदलांच्या खोलीत लावला असता तर ३० मिनिटांनी पाव टक्काच उरला असता. तक्ता बहुधा तसल्याच एखाद्या प्रयोगशाळेतून जसाच्या तसा उतरवलेला होता.

प्रत्यक्षात हवा कधीच पूर्ण मिसळत नाही. कोपऱ्यात, इन्क्युबेटरच्या (ट्यूबा उबेत ठेवण्याच्या यंत्राच्या) मागे ती रेंगाळते. त्यामुळे हिशेबाने आलेल्या वेळेवर थोडी भर घालायची. या खोलीसाठी ७५ ते ९० मिनिटं हा आकडा योग्य ठरतो. हवाबदलाचा आकडाही गेल्या वर्षीचा असून उपयोग नाही. फिल्टर चोंदले की तो गुपचूप खाली येतो. एक्झॉस्ट आणि कॅबिनेट दोन्ही चालूच ठेवायचे. 'सगळं बंद करून बाहेर पडा' ही सूचना आगीसाठी ठीक आहे, इथे घातक आहे.

बाईंनी एन९५ घातला होता, त्यामुळे उरलेल्या ५ टक्क्यांचा धोका बराच कमी झाला. अर्थात तो चेहऱ्यावर नीट बसत असेल तरच. फिट टेस्ट झालेली नसेल किंवा दाढी असेल तर बाजूने हवा शिरते आणि मास्कचा कागदी दर्जा काही कामाचा राहत नाही.

अल्कोहोलने काय झालं असतं

७० टक्के अल्कोहोल टीबीच्या जीवाणूला मारतं, यात वाद नाही. पुसून कोरड्या केलेल्या टेबलावर, कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर ते उत्तम. डबक्यावर मात्र हिशेब बदलतो. दहा-बारा फवाऱ्यांत साधारण १० मिलिलिटर अल्कोहोल पडलं. खाली ८ मिलिलिटर पाणीदार द्रव. १० मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल ७ मिलिलिटर, एकूण द्रव १८. ताकद उरली ३९ टक्के. ६० टक्क्यांखाली अल्कोहोलचा भरवसा धरायचा नाही. शिवाय कडेचा पातळ थर मिनिट-दोन मिनिटांत वाळतो, म्हणजे संपर्ककाल (जंतू मरेपर्यंत औषध ओलं राहायला हवं तो वेळ) मिळायच्या आत औषधच उडून जातं. ज्वलनशील वाफ होते ती वेगळीच.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा पर्याय अनेकांना आवडतो, कारण त्याला वास नाही आणि नंतर फक्त पाणी उरतं. पण या ट्यूबमध्ये वाढीसाठी जे पूरक मिश्रण घालतात त्यात कॅटलेज असतं, आणि कॅटलेजचं कामच पेरॉक्साइड फोडणं. जीवाणूकडे स्वतःचं कॅटलेज असतं ते आणखी वेगळं. नुसतं ३ टक्के पेरॉक्साइड ओतलं तर फेस भरपूर येईल आणि बघणाऱ्याला वाटेल की काम जोरात चाललं आहे.

क्वाटरनरी अमोनियमवर आधारलेले फरशीचे क्लीनर इथे बाद. टीबीच्या जीवाणूभोवती मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो आणि साधे क्वाट (हीच अमोनियमची संयुगं) त्यातून आत जात नाहीत. क्लोरहेक्सिडीनचंही तेच. उत्पादनाच्या लेबलवर मायकोबॅक्टेरिया मारण्याचा दावा आणि त्यासाठीचा संपर्ककाल स्पष्ट लिहिलेला असेल तरच ते कपाटात ठेवावं. '९९.९ टक्के जंतू मारतं' या वाक्यात टीबी धरलेला नसतो. आणि ट्यूबमध्ये बीजाणू धरणारा जीवाणू असता तर अल्कोहोल, फिनॉल, क्वाट हे सगळेच निकामी ठरले असते. म्हणून काय सांडलं हे आधी ठरवायचं, बाटली मग उचलायची.

ब्लीचची खरी ताकद

या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग इथे आहे.

ब्लीचच्या मूळ कॅनवर ५ टक्के उपलब्ध क्लोरिन (जंतू मारायला कामी येणारं क्लोरिन) असं छापलेलं होतं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी मिळून ०.५ टक्के, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम किंवा ५००० पीपीएम (दहा लाखांत ५००० भाग). सेंद्रिय पदार्थ मिसळलेल्या धोकादायक स्पिलसाठी हीच ताकद सांगितली जाते. रोजच्या पुसण्याला लिटरला १ ग्रॅम पुरतं. कागदावर सगळं बरोबर होतं.

टायट्रेशन साधं आहे. १ मिलिलिटर ब्लीच फ्लास्कमध्ये घ्यायचं, सुमारे ५० मिलिलिटर पाणी, १ ते २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ५ ते १० मिलिलिटर पातळ ॲसिटिक आम्ल. द्रव तपकिरी होतो. मग ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचा, निळा रंग येतो, आणि तो निळा जाईपर्यंत पुढे. स्टार्च आधीच घातला तर आयोडिन त्यात अडकून बसतं आणि शेवटचा बिंदू चुकतो. हे काम हवा खेळती असलेल्या जागी करावं. थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरिन.

५ टक्क्यांच्या ब्लीचला १४.१ मिलिलिटर थायोसल्फेट लागायला हवं होतं. लागलं ६.२. म्हणजे मिलिलिटरमागे २२ मिलिग्रॅम क्लोरिन, २.२ टक्के. कॅन खिडकीजवळच्या कपाटात, अर्धा रिकामा, झाकण सैल. ऊन आणि उष्णता ब्लीचला रोज थोडं थोडं खात असतात.

आता किटमधली '१:१०' बाटली. तिच्यावर तयार केल्याची तारीखच नव्हती. तिचे १० मिलिलिटर घेतले तर थायोसल्फेट लागलं २.८ मिलिलिटर, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम क्लोरिन, ०.१ टक्का. पातळ केलेलं ब्लीच मूळ ब्लीचपेक्षा लवकर मरतं, म्हणून ते रोज नवं करायचं असतं.

त्यातलं ५० मिलिलिटर ओतलं, म्हणजे डबक्यावर एकूण ५० मिलिग्रॅम क्लोरिन पडलं. दुसऱ्या बाजूला काय होतं? द्रव कल्चरच्या ट्यूबमध्ये पूरक म्हणून ०.८ मिलिलिटर मिश्रण घालतात आणि त्यात मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम गायीचं अल्ब्युमिन असतं. झाले ४० मिलिग्रॅम प्रथिन. त्यात रुग्णाच्या बेडक्याचा उरलेला गाळ आणि पेपर टॉवेल. प्रथिन क्लोरिन फस्त करतं. ५० मिलिग्रॅम क्लोरिनसमोर ४० मिलिग्रॅम अल्ब्युमिन म्हणजे जीवाणूंच्या वाट्याला काय उरलं असेल ते वेगळं सांगायला नको. खोलीत परतेपर्यंत अल्कोहोलचा बराच भाग उडून गेला होता, तरी डबक्यात ८ ते १० मिलिलिटर द्रव होताच. त्यात मिसळल्यावर ताकद भरली ०.०८ टक्के. हवी होती ०.५.

संपर्ककाल १० मिनिटं, हेही अपुरं. टीबीचे जीवाणू द्रव माध्यमात सुटे वाढत नाहीत. ते एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे गुच्छ करतात. ट्यूब हळूच हलवली तर तळाशी पावाच्या चुऱ्यासारखे कण दिसतात ते हेच. वरचे जीवाणू मरतात आणि आतले त्यांच्या आडोशाला जगतात. गुच्छात औषध झिरपायला वेळ द्यावाच लागतो. कल्चरच्या स्पिलला ३० मिनिटांपेक्षा कमी संपर्ककाल धरू नये.

स्वॅब घेऊन खात्री करता आली नसती का? हा प्रश्न हमखास येतो. टीबीचं कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागतात. तोवर खोली बंद ठेवणं शक्य नाही. आणि स्वॅबवर उरलेलं क्लोरिन थायोसल्फेटने मारलं नाही तर ते ट्यूबमध्ये जाऊन जीवाणूंना तिथे मारतं, मग निकाल निगेटिव्ह येतो आणि फरशीबद्दल काहीच कळत नाही. इथे भरवसा ठेवायचा तो ताकद, प्रमाण आणि वेळ यांवर. अधिकाऱ्यांनी पुन्हा निर्जंतुकीकरण करायला सांगितलं, ते योग्यच.

शिंतोडे कुठवर गेले

पहिल्या वेळी पुसला गेला तो दिसणारा डाग, साधारण ३० सेंटिमीटरचा. दुसऱ्या वेळी दिवे बंद करून टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. वाळलेलं अल्ब्युमिन अशा तिरक्या उजेडात चकाकतं. डागापासून दीड मीटरवर कॅबिनेटच्या पायावर तीन बारीक ठिपके, इन्क्युबेटरच्या दाराच्या खालच्या कडेला एक, आणि दाराकडे जाणारा बुटाचा अर्धवट ठसा दिसला. वरून उभं राहून पाहिलं असतं तर यातलं काहीही दिसलं नसतं.

९० सेंटिमीटरवरून पडलेल्या ट्यूबसाठी दोन मीटरचं वर्तुळ दूषित धरायचं. त्यात टेबलाच्या खालच्या बाजू, खुर्चीची चाकं, कपाटांचे पाय हे सगळं येतं. बाहेर पळताना ज्या दाराच्या मुठीला हात लागला ती मूठही. झाडू किंवा कोरडं फडकं या वर्तुळात येताच कामा नये. वाळलेला थर झाडला की तो पुन्हा हवेत.

दुसऱ्या वेळी नेमकं कसं केलं

द्रावण जागेवर तयार केलं. सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेटच्या गोळ्या वापरल्या. एका गोळीतून १.५ ग्रॅम उपलब्ध क्लोरिन मिळतं असं त्यांच्या लेबलवर होतं. २५० मिलिलिटर पाण्यात एक गोळी म्हणजे ०.६ टक्के. लेबल वाचणं आलंच, कारण सगळ्या गोळ्या एका मापाच्या नसतात. स्पिल किटसाठी हा प्रकार पातळ ब्लीचच्या बाटलीपेक्षा केव्हाही बरा: कोरडी गोळी बंद पाकिटात टिकते, बाटलीवर २५० मिलिलिटरची खूण करून ठेवली की संकटाच्या वेळी गणित करावं लागत नाही. कॅल्शियम हायपोक्लोराइट ७० टक्क्यांचं असेल तर लिटरला ७ ग्रॅम. स्वस्त ब्लीचिंग पावडर मात्र त्याच्या निम्म्या ताकदीचीच असते, तेव्हा मोजल्याशिवाय घेऊ नये.

दोन महिला तंत्रज्ञ आत गेल्या. एक काम करणारी, दुसरी दाराशी उभी राहून वेळ पाहणारी आणि लागेल ते देणारी. एकटीने काम करायचं तर घाम, गॉगलवरची वाफ आणि घाई यांत काहीतरी राहूनच जातं.

डागाच्या जागेवर शोषक टॉवेल दोन पदरी अंथरले, डागाच्या कडेपलीकडे सगळीकडून हातभर. द्रावण फवारलं नाही. बाटली टॉवेलजवळ नेऊन बाहेरून आतल्या दिशेने गोल गोल हळूहळू ओतलं. बाहेरून सुरुवात करायचं कारण असं की मधून ओतलं तर दूषित द्रव कडेला ढकलला जातो. डबक्याच्या किमान दहापट द्रावण हवं, म्हणजे मिसळल्यावरही ताकद फारशी उतरत नाही. मोठा फ्लास्क सांडून अर्धा लिटर द्रव पडला असता तर दहापट ओतणं शक्य नव्हतं; तेव्हा १ टक्क्याचं द्रावण समप्रमाणात ओतायचं, दोन्ही मिळून ०.५ होतं. टॉवेल मध्येच कोरडा दिसला की पुन्हा भिजवायचा. घड्याळ ३० मिनिटांवर लावलं. या वेळात बाकीचं दोन मीटरचं वर्तुळ त्याच द्रावणाने ओल्या फडक्याने पुसून ओलं ठेवलं.

काचेचे उरलेले कण लांब चिमट्याने उचलून टणक, काच टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात टाकले. बारीक कणांसाठी ओल्या टॉवेलचा बोळा चिमट्यात धरून फरशीवर दाबत नेला. हातमोज्यांचे दोन थर घातले म्हणून काच बोटांनी उचलायची, हा हिशेब कुणी करू नये. काचेला थरांची संख्या कळत नाही. टॉवेल बाहेरून आत गुंडाळून पिशवीत, नवे टॉवेल, दुसऱ्यांदा द्रावण, १० मिनिटं. मग साध्या पाण्याने दोनदा पुसलं, कारण क्लोराइड उरलं की स्टेनलेस स्टीलला खड्डे पडतात. कॅबिनेटच्या पायांना शेवटी ७० टक्के अल्कोहोल, पण पाण्याने ब्लीच पूर्ण निघाल्यावरच.

काम चालू असताना एक्झॉस्ट चालूच होता. एन९५ कण अडवतो, क्लोरिनचा वायू नाही. घसा खवखवू लागला तर बाहेर पडायचं.

याच प्रकारचं स्पिल कॅबिनेटच्या आत झालं असतं तर काम कितीतरी सोपं होतं: पंखा चालू ठेवायचा, हात आतच ठेवून टॉवेल, द्रावण, ३० मिनिटं, खालची ट्रेसुद्धा. सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूबा वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) ट्यूब फुटली असेल तर मोटर थांबल्यावर झाकण न उघडता ३० मिनिटं तसंच ठेवायचं आणि बकेट कॅबिनेटमध्ये नेऊनच उघडायची.

काय कशात मिसळू नये

टीबी प्रयोगशाळेत ब्लीचचे शत्रू हाताच्या अंतरावर असतात, म्हणून हा भाग वेगळा. डाग काढण्याआधी तो कशाचा आहे आणि शेजारी काय सांडलं आहे हे पाहायचं.

टीबीचे जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्यासाठीच्या झील-नीलसन रंगप्रक्रियेच्या आम्ल-अल्कोहोलवर ब्लीच पडलं की क्लोरिन वायू सुटतो. नमुन्यांच्या शुद्धीसाठी कुठे कुठे ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, त्याचंही तेच. डीएनए काढण्याच्या बफरमध्ये ग्वानिडीन थायोसायनेट असेल तर ब्लीचशी विषारी वायू तयार होतात, त्यात सायनाइडही असू शकतं; असं काही सांडलं असेल तर ब्लीचला हातही लावायचा नाही. अमोनियाच्या क्लीनरने क्लोरामाइन. ५ टक्के फिनॉलची डिस्कार्ड बरणी (टाकाऊ नमुने टाकण्याची) फुटली असेल तर त्यावर ब्लीच ओतल्याने दोन्ही औषधं एकमेकांतच खर्ची पडतात आणि तीव्र वासाचे क्लोरोफिनॉल तयार होतात. फिनॉलवर फिनॉलच पुढे चालवायचं, ब्लीचवर ब्लीच.

या प्रकरणात एका सहकाऱ्याने खोलीला फॉर्मॅलिनची धुरी द्यावी असंही सुचवलं होतं. आठ मिलिलिटरसाठी ते अनाठायी. फॉर्मॅल्डिहाइड स्वतः कर्करोगकारक आहे, मळ आधी काढल्याशिवाय ते नीट पोहोचत नाही, आणि चुकून ब्लीचच्या संगतीत आलं तर नवी डोकेदुखी. अतिनील दिव्याचीही हीच गत: सावलीत आणि धुळीखाली त्याचं काही चालत नाही.

ऑटोक्लेव्हमधला वास

ब्लीचने ओला झालेला कचरा उष्णतेत टाकला की क्लोरिनचे वायू सुटतात. श्वासाला त्रास आणि चेंबरला गंज. ऑटोक्लेव्ह चालू असेपर्यंत कळत नाही, दार उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. संपर्ककाल पूर्ण झालेला असा कचरा वेगळ्या पिशवीतून जाळण्याच्या कचऱ्यात पाठवावा. ते शक्य नसेल तर सोडियम थायोसल्फेटचं द्रावण ओतून क्लोरिन संपवायचं, आणि आयोडाइड-स्टार्चचा कागद टेकवल्यावर निळा होत नाही हे पाहूनच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचं. फिनॉलने भिजलेल्या कचऱ्यालाही ऑटोक्लेव्ह नको.

माणसांचं काय

घटनेची नोंद त्याच दिवशी झाली, ही या प्रकरणातली चांगली गोष्ट. नवख्या तंत्रज्ञाला रागावलं गेलं नाही, हीदेखील. ओरडा पडेल या भीतीने लोक स्पिल लपवतात, आणि लपवलेलं स्पिल कोरड्या फडक्याने पुसलं जातं.

दोघांची त्याच आठवड्यात टीबी संसर्गाची त्वचाचाचणी किंवा रक्तचाचणी घ्यायची, म्हणजे आधीची स्थिती कळते. निगेटिव्ह असेल तर संपर्कानंतर ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा. त्याआधी दुसरी चाचणी केली तर शरीराची प्रतिक्रिया तयार झालेलीच नसते आणि खोटा दिलासा मिळतो. ज्याची आधीच पॉझिटिव्ह आहे त्याच्यासाठी लक्षणांवर लक्ष आणि गरज पडल्यास छातीचा एक्स-रे. फुटलेल्या ट्यूबमधल्या जीवाणूचा औषधसंवेदनशीलतेचा अहवाल दोघांच्या आरोग्य-नोंदीत जोडायचा, कारण पुढे कुणाला उपचार लागले तर डॉक्टरांना पहिला प्रश्न पडेल तो रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का याचाच.

आणि ट्यूबा यापुढे झाकणाच्या डब्यात, रॅकमध्ये बसवून न्यायच्या. एका हातात तीन नाहीत, एकही नाही.